चुकीचं लिहिल्याबद्दल आभार

ब्रँडलिन, नेब्रास्का
शनिवार, १५ ऑक्टोबर १९८८

ति. लिओटा आत्यास,

गेलनचा साष्टांग नमस्कार. (व्हॅनमध्ये आठही अंगं मावत नाहीत, उरलेली भेटीत.)

हे पत्र मी जुलैपासून लिहितो आहे. जुलैत पेन नव्हतं, ऑगस्टमध्ये एका रोडिओच्या, म्हणजे घोडेस्वारांच्या फिरत्या खेळाच्या, मागे आठवडाभर भरकटलो, आणि सप्टेंबरला काही कारणच नव्हतं, नुसता आळस. तुझा गुडघा कसा आहे? ओमाहात थंडी पडली का? माझी तब्येत उत्तम. इथल्या बायका मला खसखशीचे कोलाचे (चेक लोकांचे गोड पाव) इतके खाऊ घालतात की पट्ट्याला नवं भोक पाडायचं सोडून मी पट्टाच सोडला.

आधी आभार मानतो, नाहीतर मी कुठे वाहवत जाईन याचा नेम नाही. कॉलेज सोडून तीन वर्षं मी बीट उपटले, जत्रेतले पाळणे फिरवले, आणि तू एकदाही 'तुझं पुढे काय' असं विचारलं नाहीस. फक्त राज्य संस्कृती मंडळाची नोकरीची जाहिरात कापून माझ्या ताटाखाली ठेवलीस. त्या कात्रणामुळेच मी आज राज्याचा इतिहास व्हॅनमध्ये घालून गावोगाव हिंडतो. वाचनालयात जुने फोटो मांडायचे, म्हाताऱ्यांच्या आठवणी टेप करायच्या, आणि त्यातून त्या गावाचा फलक तयार करायचा. तो फलक मग राज्यभर फिरतो.

अडचण अशी की ब्रँडलिनमध्ये कोणाच्याही आयुष्यात काहीच घडलेलं नाही! लुमीर ह्रुस्कांकडे गेलो (वय एक्याऐंशी, रोज सकाळी पोस्टासमोरच्या बाकावर). ते म्हणाले, "माझं कसलं रे आयुष्य? आर्डिथला विचार." आर्डिथबाई म्हणाल्या, "छे बाई, मी नुसत्या कोंबड्या पाळल्या. लुमीरला विचार." पहिला आठवडा मी या दोघांमध्ये टपाल्यासारखे हेलपाटे घातले. व्हॅन उद्या, रविवारी, पुढच्या गावाला निघणार हे ठरलेलंच होतं. कॅसेट कोऱ्या राहिल्या तर फलक कोरा, आणि राज्यभर लोक समजणार की ब्रँडलिनमध्ये नुसतं गवत उगवत होतं.

आणि मग, देवाची कृपा, मी चूक केली. १९११ सालच्या बँडपथकाच्या फोटोखाली 'पेलमचे बँडपथक' असं कार्ड लावलं. (पेलम इथून सात मैलांवर. दोन्ही गावं एकमेकांना फक्त अंत्ययात्रेत भेटतात.) तासाभरात लुमीर टोपी न काढता आत आले.

"अरे पोरा, डोळे आहेत की बटणं? तो मोठा भोंगा धरलेला माझा बाप आहे! पेलमवाल्यांना शीळसुद्धा घालता येत नव्हती!"

मी म्हणालो, "माफ करा आजोबा. मग खरं काय ते सांगता?" आणि बटण दाबलं. आजोबा दोन तास बोलले. मध्ये आर्डिथबाई आल्या. "लुमीर, बँडचे कोट निळे नव्हते, माझ्या आईने शिवलेत ते!" म्हणून त्यांनी दीड तास घेतला. इथला माणूस स्वतःविषयी बढाई मारणार नाही, पण दुसऱ्याची चूक तशीच ठेवून घरी जाऊन जेवणार नाही. दुसऱ्या दिवशी लोक रांग लावून कार्डं वाचायला आले. एखादं बरोबर निघालं की चेहरे पडायचे. मग मीही मन मोठं करून आणखी चारपाच चुका केल्या. चौदा कॅसेट भरल्या, आत्या!

एकच फोटो अडला. खिडक्यांपर्यंत बर्फात गाडलेली शाळा, जानेवारी १९४९. त्याच्यापुढे सगळ्यांची दातखीळ बसली. आर्डिथबाईंचा मुलगा तेव्हा आत अडकलेल्या अकरा मुलांपैकी एक. तोही इतकंच म्हणाला, "तीन दिवस. बाकं जाळली. बाकीचं बाईंचं आहे, बाईंनीच सांगायचं." मी विचारलं, कोण बाई? तो म्हणाला, "तुझी आत्या ना ती?"

तुझ्या टेबलावर मी नऊ वर्षं जेवलो. तू इथे कधीतरी शिकवत होतीस एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस म्हणे.

असो. गुडघ्याला जपणे.

तुझा ऋणी,
गेलन

ता. क. – बोलशील का? एकच तास. मी टेप घेऊन ओमाहाला येईन. 'शेजारच्या व्हर्नाला विचार' असं म्हणू नकोस. (तुमच्या गावची सवय आता मला कळली आहे.)

ता. क. २ – एक कबुली. त्या फोटोखाली मंगळवारी मी कार्ड लावलं आहे: 'शिक्षिकेने मुलांना वेळीच घरी पाठवल्यामुळे वादळात शाळा रिकामी होती.' कोणीतरी चिडून बोलेल असं वाटलं होतं. कोणी बोललं नाही, उलट आर्डिथबाईंनी मला तेव्हापासून कोलाचे बंद केले. काढून टाकतो, शपथ.

ता. क. ३ – लुमीर आत्ताच सांगून गेले की गावच्या साप्ताहिकाने गुरुवारी ते कार्ड फोटोसकट छापलं, आणि तो अंक तुला दर आठवड्याला टपालाने येतो. आत्या, मला माफ

ता. क. ४ – वाचनालयाच्या दारात ओमाहाच्या नंबरची गाडी उभी राहिली आहे. तू कोट न काढताच फोटोपुढे गेलीस. हातात लाल पेन्सिल आहे. हे पत्र आता टपालात टाकत नाही. बटण दाबलं आहे.