बॅकलॅश काढला त्याची हकिकत

नेरूळ, २२ फेब्रुवारी १९९६

ती. अरविंददादांस दिलीपचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे अरुणा आणि तुमची भाची ऋता मजेत आहेत. मीही आहे.

दादा, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता. बॅकलॅश या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे तुम्ही आमच्या लग्नातच सांगून टाकायला हवं होतं. वीस वर्षं फिटरकी केली, मला एकच ठाऊक: दोन गिअरच्या दातांमधली ढिलाई. ती वाढली की हँडल फिरवलं तरी क्षणभर काहीच हलत नाही. या महिन्याच्या सुरुवातीला तळोज्याच्या आमच्या कारखान्यात इंग्रजी नोटीस लागली. पानभर मजकुरात माझ्या ओळखीचा तेवढा एकच शब्द (परगावी शेजारी भेटावा तसा आनंद झाला). सगळे माझ्याभोवती जमले. मी ठणकावून सांगितलं, "गिअर झिजलेत. बॅकलॅश काढायला मशीन शॉप बंद ठेवणार." नावड्याचा किसन (त्याच्याच बापाच्या शेतावर आमची शेड उभी आहे) म्हणाला, "मंग टेन्शन नाय ना?" म्हटलं, "अजिबात नाही." मग मी आणि माझ्या हेल्पर पोपटने आठवडाभर खपून एकूण एक लेथचे गिअर नीट बसवले.

१२ तारखेला, सोमवारी गेटला कुलूप. ऑफिसातल्या क्षिप्रा मॅडमनी नोटीस मराठीत सांगितली: शॉप कायमचं बंद, मागाहून बॅकलॅश नको, म्हणून ज्याची हरकत असेल त्याने आठ दिवसांत लेखी द्यावी. मी म्हटलं, "पण मॅडम, बॅकलॅश तर आम्ही काढला!" त्या खाली बघत म्हणाल्या, "अहो, तो नाही. लोकांचा भडका."

एकाचीही हरकत गेली नव्हती. भडका मीच विझवला, आणि वर मशिनं विकायला चकाचक करून दिली (घेणाऱ्याने ट्रकमध्ये चढवताना तारीफ केली म्हणे). किसन मला पाहिलं की रस्ता बदलतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपला,
दिलीप

ता. क. अरुणाला यातलं काही माहीत नाही. दहा दिवस डबा घेऊन निघतो आणि बागेतल्या बाकावर बसून खातो. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुम्हीच तिला हळूच कळवाल का?

ता. क. दुसरा. दादा, मी अरुणा. शर्ट धुवायला घेतला तर खिशात हे पाकीट. मला काही कळवू नका. पहिल्याच संध्याकाळी यांची नखं स्वच्छ होती, तेव्हाच समजलं. पाकीट चिकटवून पुन्हा खिशात ठेवते आहे. ते स्वतः सांगतील तोवर मी डबा देत राहणार.