सोडून जाणाऱ्यांचे लाड

सेतूबल,
रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय एर्मेलिंदाताई,

तुझ्या धाकट्या देओलिंदाकडून दोन्ही गालांवर एकेक पापी. गुडघे काय म्हणतात? तुमच्या डोंगरात थंडी पडली असेल. लोकरीचे मोजे घालत जा, ठेवणीत ठेवून काय त्यांना पिल्लं होणार आहेत? तू धाडलेलं मेंढीच्या दुधाचं चीज पोचलं. अर्धं आमच्या नवरोबा आमादेऊने संपवलं आणि उरलेलं शेजारच्या ग्रासिएतला नेऊन दिलं. मला न विचारता! या पत्राचं मूळ तिथेच आहे.

ग्रासिएत म्हणजे आमच्या मजल्यावरची ती विधवा (नाताळात पाहिलीस, तांबड्या केसांची). तिच्याकडे आणि आमच्याकडे इंटरनेट, टीव्ही, फोन सगळं एकाच कंपनीचं. तार एकाच भोकातून आत येते. पण तिला टीव्हीखाली ठेवायचा नवा कोरा डबा आणि फुटबॉलची वाहिनी फुकट, आणि आमच्याकडे धापा टाकणारा जुना डबा, फुटबॉलच्या जागी काळा पडदा. का म्हणशील, तर कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागतो (त्याला ते लोक 'निष्ठा' म्हणतात, मेल्यांना लाज नाही). तो संपला रे संपला की ग्रासिएत फोन लावते आणि 'मी चालले तुम्हाला सोडून' म्हणून गळा काढते. भिंतीतून ऐकू येतं. नवरा गेला तेव्हासुद्धा बाई इतकी रडली नव्हती. मग कंपनीत सोडून जाणाऱ्यांची मनधरणी करायला एक खास खातंच आहे, ते हिच्या विनवण्या करतं. मी कधी सोडून जाते म्हटलं नाही, तर मला कुत्रं विचारत नाही. नांदणारीला शिळा पाव आणि निघालेलीला केक!

हो, जळते मी. तुझ्यापासून काय लपवायचं? सामना असला की आमादेऊ सपाता घालून शेजारी जातो आणि परत आला की तिचंच कौतुक. 'बाई बोलायला काय पटाईत आहे! तुला नाही हो जमायचं.' ते 'नाही जमायचं' माझ्या जिव्हारी लागलं.

मंगळवारी लावला फोन. बराच वेळ वाजंत्री ऐकवल्यावर एक गोड आवाजाची पोरगी आली. मी म्हटलं, मी चालले सोडून. ती म्हणाली, का हो? आता आली का पंचाईत! कारण काय द्यायचं ते मी ठरवलंच नव्हतं (ग्रासिएत कारण सांगते तेव्हा नेमका आमचा फ्रिज घरघरतो). करार आमादेऊच्या नावावर, म्हणून तोंडातून निघून गेलं की तो गेला. कुठे? वर. आणि रडले. चीज आठवलं, त्यामुळे रडू अगदी खरं आलं. तीही पोरगी मुसमुसली आणि म्हणाली, बाई, गेलेल्या माणसाला निष्ठा लागू नाही, आत्ता सोडवते तुम्हाला. मी म्हणतेय, अगं थांब, थोडा आग्रह तरी करशील! तिने सांत्वन करून फोन ठेवलासुद्धा. सूप उकळेपर्यंत इंटरनेट, टीव्ही, फोन, तिन्ही मुके.

गुरुवारी एक माणूस डबा परत न्यायला आला. दार उघडलं आमादेऊने, बनियनवर, हातात भाजलेली सार्डीन. त्या माणसाने टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, 'स्वर्गवासी आमादेऊसाहेबांचा डबा न्यायचाय. आपण त्यांचे भाऊ का?' आमादेऊने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, 'हो, धाकटा. फार सोसलं हो बिचाऱ्याने.' डबा दिला, रिमोट दिला आणि तसाच ग्रासिएतकडे गेला.

पूर्वी निदान सामन्यापुरता जायचा, आता रोज संध्याकाळी तिथेच. मी इथे मुक्या टीव्हीसमोर विणत बसते आणि भिंतीतून त्याचं हसणं ऐकते. ताई, माझ्याजवळ बसून तो असा हसल्याला किती काळ लोटला, मला आठवत नाही.

तुझी,
देओलिंदा

ता. क. खरं काम हे. आमादेऊच्या मोबाइलवर फोन कर आणि सांग की देओलिंदा आता कायमची माझ्याकडे येतेय, मी खोलीही झाडून ठेवलीय. आवाज जरा रडवेला काढ. त्याच्याकडे मनधरणीचं खातं आहे की नाही, ते एकदा कळू दे मला.

ता. ता. क. फोन करू नकोस. मला दम निघाला नाही, जेवताना मीच सांगून टाकलं की मी चालले ताईकडे, कायमची. त्याने चमचा ठेवला, उठला आणि कपाटावरची बॅग खाली काढली. एका शब्दाची विनवणी नाही गं! माझा स्वेटर घातला बॅगेत. मग त्यावर स्वतःचे सदरे, त्यावर सपाता. मी म्हटलं, तू कुठे निघालास? तर म्हणतो, 'इथे मी मेलोय ना? मग तुझ्याशिवाय इथे राहून काय करू? आणि ती ग्रासिएत सामना चालू असताना फार बोलते.' मला रडू फुटलं. तेवढ्यात बॅग बंद करता करता विचारतो, 'ताईकडे फुटबॉलची वाहिनी आहे ना?'

मी हो म्हणून बसलेय. शनिवारच्या गाडीने येतोय. नसेल तर आजच कंपनीला फोन लाव आणि सोडून चालले म्हण. फक्त कुणाला मारू नकोस.