त्या लेदरजॅकेटची आता खैर नाही

३ जानेवारी
आजही स्नॅपर मासा नाही. खडकापाशी गळ टाकला की आमिष गायब. चोर सापडला. लेदरजॅकेट नावाचा मासा. पिवळट, चामड्यासारखी कातडी, शेपटी फाटकी, चेहऱ्यावर मी नाही त्यातला असा भाव. तोंड इवलंसं, पण दोर कातरतो. आज चार गळ नेले मेल्याने. बघून घेईन.

६ जानेवारी, सोमवार
बायको, म्युरिएल, म्हणाली, बोट घेतल्यापासून घरात मासा आला तो दुकानातूनच. रविवारपर्यंत स्वतः धरलेला एक तरी आण, नाहीतर बोट माझ्या भावाला देऊन टाकते. बोट तिच्या नावावर आहे, हेही पुन्हा सांगितलं. भाऊ लायल तिथेच माझी बिअर पीत दात काढत होता. म्हटलं, एक कशाला, ढीग आणतो.

८ जानेवारी
शार्कचा गळ विकत आणला. लायल म्हणाला, दाजी, त्याचं तोंड वाटाण्याएवढं, बारीक गळ लावा. बारीक गळ जेटीवरची पोरं लावतात. आला मोठा शहाणा.
संध्याकाळी: शार्कचा गळ चाटूनपुसून लख्ख.

९ जानेवारी
पोहायचा चष्मा लावून पाण्यात उतरलो. म्हटलं, समोरासमोर होऊन जाऊ दे. कानाला चावला. घरी खडक लागला असं सांगितलं.

११ जानेवारी
बारीक गळ आणला. कल्पना माझीच.

१२ जानेवारी, रविवार
धरला! फाटकी शेपटी, तोच. सरळ बादलीत टाकायचा. पण आठवडाभर जळतोय, दोन शब्द ऐकवल्याशिवाय कसं राहवेल? नाकासमोर धरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कानाच्या विषयावर आलो तेव्हा मूठ जरा जास्त आवळली गेली. त्याने पाठीवरचा काटा उभा केला, तो थेट तळहातात. हात उघडला. तो पाण्यात. नंतर अंधार पडेपर्यंत एकही नाही.
भाषण थोडं आटोपतं घ्यायला हवं होतं.

१४ जानेवारी
लायल बोट घेऊन गेला. जाऊ दे. मला पाठीचा त्रास आहेच.

१९ जानेवारी
लायलने सहा लेदरजॅकेट आणले. म्युरिएलने सोलून तळले. मी ताटावर बसणारच नव्हतो. मग विचार केला, सहांत तो असणारच. तीन खाल्ले. सूड उगवला. चव बरी होती.
लायलला म्हटलं, काम झालं, आता बोट परत दे. तो म्हणाला, दाजी, उद्या पहाटे या की, आमिष कापायला माणूस हवाच आहे.
हो म्हणालो.