पाहुण्यांचा कांदा

अप्पा, आज धाकटा भाऊ माझ्याशी पुन्हा बोलला. सकाळी सरळ स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, वाचलो गं आपण." मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. पण किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला, ते माझं मलाच ठाऊक.

तुम्ही गेल्यावर मसाल्याचा कारखाना आम्ही दोघांनीच चालवला. गेल्या वर्षी वहिनीचे मामा भागीदारीचं बोलायला आले. वैजापूरला त्यांचं कांदा वाळवायचं काम आहे. माल त्यांचा, नाव आपलं. भाऊ हरखून गेला. त्यांनी बोलावलं तेव्हा आम्ही जाऊन आलो. फरशी लखलखीत, बायकांच्या डोक्याला टोप्या, वर पुरणपोळीचं जेवण. तरी मला गुलमंडीमागचं आपलं जुनं मसाल्याचं कांडप आणि तेव्हाचा एक दिवस आठवत राहिला. मी कॉलेजात आहे, तुम्ही मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडं दुसऱ्यांदा, न कळवता निघालाय, आणि मागं बसलेली मी कुरकुरतेय, "शोभतं का हे? ओळखीच्या माणसावर पहारा?" तुम्ही स्कूटर थांबवून मला झापलं होतं. "आपलं नाव बघून लोक डोळे झाकून खातात. मग आपुन तरी उघडे ठिवायचे का नाय?"

म्हणून मीही न कळवता गेले, एकटी. मागच्या शेडमध्ये काळी बुरशी चढलेल्या कांद्याचा ढीग होता. वरचं साल काढून बायका तोच कापत होत्या. मामा धावत आले. चिडले नाहीत, उलट हसले. "अहो ताई, मसाल्यात काय कळतंय? दळलं की समदं सारखंच." तिथंच माझं ठरलं. मी म्हणाले, "मामा, नातं राहू द्या. भागीदारी नको."

नातंही नीट राहिलं नाही. वहिनी माहेरी जाऊन बसली. भाऊ म्हणाला, "अप्पांचा संशय तेवढा उचललास, माया नाय." ते लई लागलं. कांद्यापायी घर मोडलं की काय, असं वाटायचं. वहिनी परतली, पण भावानं अबोला धरला तो धरलाच.

काल बातमी आली. मामांनी पुढं जालन्याच्या एका मसालेवाल्याला भागीदार म्हणून धरलं होतं. तपासणीत त्याच्या मालात बुरशी निघाली, दुकानादुकानातून माल परत आला, आणि आता त्याच्या कारखान्याला कुलूप आहे. त्या बिचाऱ्याचं वाईट वाटतं. पण आज आपल्या कारखान्याची सकाळची घंटा वाजली, तेव्हा मी दारात उभी राहून ती नुसती ऐकत होते. संध्याकाळी वहिनीनं न मागता चहा आणून ठेवला. आलं घातलेला.

हे कुठं पाठवणार, अप्पा! पण एक सांगून टाकते. तुम्ही असता तर मी वैजापूरला तुम्हालाच पाठवलं असतं, आणि घरी बसून सगळ्यांशी गोड राहिले असते. तुम्ही नव्हता, म्हणून ते मलाच करावं लागलं. तुम्ही नाही हे बरं झालं, असं मला वैजापूरहून परतताना, त्या एका दिवशी वाटलं.