रोख बघून पडलेला चेहरा

निपाणी, मंगळवार संध्याकाळ

सासूबाईंना मोबाइल घेतला, रोख देऊन. तरी मनातनं जात न्हाय. मी पर्समधनं पैसे काढले आणि दुकानदाराचा चेहरा पडला. रोख बघून कुणाचा चेहरा पडतो? वर शेजारच्या भागीदाराला कन्नडमधनं म्हणाला, "ह्यांना हप्त्याकडं वळव, त्यातच आपलं कमिशन सुटतंय." मराठी बोलणाऱ्या बाईला कन्नड कुठलं कळतंय, असं वाटलं असणार. माझं माहेर हुक्केरीकडचं, कन्नड बोलतच वाढले मी! मी सरळ विचारलं, "याक्री?" का हो? तो गडबडला, हसला आणि न मागता कव्हर फुकट दिलं.

का दिलं? मी गप्प बसावं म्हणून?

घरी आमचे हे म्हणाले, "लई संशयी गं तू. बिनव्याजी हप्ता असतोय तो."

असेल. मग चेहरा का पडला?

गेल्या वर्षी ह्यांनी त्याच दुकानातनं हप्त्यावर फोन आणला. एकटेच गेलते. दुकानदारानं चहा पाजला, माणूस लई चांगला, असं चार दिवस सांगत होते. तो तेव्हा भागीदाराशी काय बोलला, हे विचारून उपयोग न्हाय.

ह्यांना कन्नड येत न्हाय.