बोटातली काच

सर, सोमवारी ती वर्गात परत येणार आहे, आणि तिच्यासमोर उभं कसं राहायचं हे मला सुचत नाहीये. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तरी हे विचारावं असं दुसरं कुणी आठवत नाही.

मी आता वडवणीला फायबर, म्हणजे केबलमधल्या केसाएवढ्या काचेच्या तारा, जोडायचं शिकवते. या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूधच येईना, म्हणून दूध संघानं आपली संकलनाची इमारत प्रशिक्षणाला दिली. जिथं दुधाचे कॅन उतरायचे त्या फरशीवर आमची टेबलं आहेत. वर्गात चौदा जण. ती त्यातलीच एक बाई, याच इमारतीत दुधाचं फॅट तपासायला होती. ते काम बंद पडलं, मग माझ्याकडे शिकायला आली. हात सावकाश, पण इतका नीट, की तिनं कापलेल्या फायबरचं टोक जोडणीच्या मशीनच्या पडद्यावर आरशासारखं सपाट दिसायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. उलट "जरा भरभर हात चालवा" असंच म्हणत राहिले, कारण बॅच वेळेत संपवायची होती.

तुमचा वर्ग बीडला, टेलिफोनच्या जुन्या गोदामात भरायचा. तेव्हाही असाच दुष्काळ होता. नळ कोरडे, टँकरची वाट बघणं चाललेलं. तुम्ही घरून स्कूटरवर पाण्याचा कॅन आणायचा आणि आम्ही डबे उघडायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर स्वतः तांब्यानं पाणी घालायचा. एकजण म्हणतो, "सर, घरी प्यायला पानी न्हाई अन् हितं हात कावून धुवायचे?" तुम्ही ओतता ओतता म्हणता, "केसाएवढी काच हाय. भाकरीसंगं पोटात गेल्यावर काय करशील बे?" तुमच्या घरचं पाणी होतं ते. काकूंनी त्या उन्हाळ्यात कसं भागवलं असेल, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

मी वर्गात एकटी मुलगी. न कळलेलं विचारलं तर पोरं हसतील म्हणून प्रत्येक गोष्टीला "हो सर" म्हणायची. एक दिवस तुम्ही माझ्यापुढं केबल ठेवता. "कळलं ना? मग जोड." मी भलत्याच रंगाची फायबर एकमेकांना जोडते. तुम्ही ओरडत नाही, तेच जास्त लागतं. "पोरी, न्हाई कळलं म्हनायची लाज वाटत आसंल तर ह्या कामाला हात लावू नको. मी बी चुकलोय. एकदा रंग उलटे जोडले अन् आख्ख्या तालुक्याचे फोन दिवसभर मुके. सायबाला मीच जाऊन सांगितलं." सगळा वर्ग ऐकत होता. मला तो माझा अपमान वाटला. स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं, माझी लाज झाकायला तुम्ही तुमची उघडी केली होती.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती बोट पुढं करून आली. "मॅडम, हितं टोचतंय. काच गेली वाटतं, बघता का?" मी तिला खिडकीशी नेलं. बाहेर लख्ख ऊन. बोट धरलं, डोळे बारीक केले. सर, काच तर सोडाच, मला तिच्या बोटावरच्या रेघाही दिसल्या नाहीत. चाळिशी लागून वर्ष झालंय. चष्मा पर्समध्ये असतो, वर्गात लावत नाही. हे काम डोळ्यांचं. केंद्राच्या साहेबांनी पाहिलं तर पुढच्या बॅचला दुसरं कुणी आणतील, ही धास्ती. भिंग टेबलावरच होतं. तेही उचललं नाही. "काही नाही हो, भास होतो. चला, बसा." ती जाऊन बसली.

चार दिवसांनी बोट टम्म सुजलं. बीडला डॉक्टरांनी चिरून काच काढली. बोट वाचलं, पण टोक अजून बधिर आहे, आणि उजव्या हाताचं तेच बोट या कामात लागतं. साहेबांनी लेखी मागितलं तेव्हा मी लिहिलं, 'प्रशिक्षणार्थीने वेळीच कळवले नाही.' सहीसुद्धा केली. आठ दिवसांनी दुसरा कागद घेऊन गेले: त्यांनी कळवलं होतं, मीच नीट पाहिलं नाही. साहेब म्हणाले, "कशाला उकरताय मॅडम? मिटलंय ते." कागद त्यांनी ठेवून घेतला. पुढची बॅच मला मिळणार की नाही, अजून कळलेलं नाही.

काल तिच्या घरी गेले. ती ते एक बोट वर धरून भाकरी थापत होती. सासूनं पेलाभर पाणी दिलं. मी म्हणाले, चूक माझी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी न्हाई म्हनलात, मग मला वाटलं न्हाईच. दुखायचं तरी मीच मनाला म्हनायची, तुला लई भास होत्यात." भाकरी उतरवून म्हणाली, "येऊ का मग सोमवारी? हात हळू चालंल." मी म्हणाले, या. चालू द्या हळू.

शिकवणाऱ्याला मशीन यावं लागतं, रंग पाठ असावे लागतात, हे सगळं मला येतं. पण माझ्या एका 'नाही'वर एक बाई चार दिवस स्वतःच्या दुखण्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, ह्याची भीती तुम्ही कशी पेलत होता? की पेलत नव्हता, म्हणूनच पाण्याचा कॅन आणत होता?

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुमच्या घरात आता दुसरीच माणसं राहतात.

एवढंच सांगायचं राहिलं. काल ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "पन मॅडम, भिंग हुतं की टेबलावर. कावून न्हाई घेतलं?" मी म्हणाले, तेव्हा लाइट गेली होती, नीट दिसत नव्हतं. तिनं मान डोलावली. लाइट गेली नव्हती, सर. आणि आम्ही उन्हात, खिडकीशी उभ्या होतो, हे तिला माझ्याइतकंच आठवतं.