मुलामू आणि मुलामा

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ सप्टेंबर २००७

प्रिय वैनी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण आपल्या हुपरीच्या घरी फोन चांदीच्या कारखान्यात आहे, आणि तो वाजला की सगळे हातातलं काम थांबवून कान देतात. शिवाय ही गोष्ट बोलायला लागले की मला मधेच हसू फुटतं आणि सांगायचं ते राहून जातं. बारा वर्षं तेच झालंय.

आमच्या शाळेत आठवडाभर एका शब्दावरून भांडण चाललं होतं. शब्द कुठला, तर मलम. आमच्या शिपाई तानाबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचा गुडघा फुटला. संस्कृतचे जोतीराम सर मलमाची ट्यूब घेऊन धावत आले आणि टोपण उघडायच्या आधीच म्हणाले, "मल हरण करतं ते मलम. अस्सल संस्कृत शब्द." मला राहवलं नाही. म्हटलं, सर, तो 'मरहम'वरून आलाय, अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडं. सर ट्यूब तशीच हातात धरून वाद घालायला लागले. शेवटी तानाबाई म्हणाल्या, "मास्तर, कुठनं का आला असंना, आधी गुडघ्याला लावा की." मग मी ग्रंथालयातला जाडा शब्दकोश काढून आणला. मरहमच निघाला. येता येता र चा ल झाला आणि ह वाटेत गळाला. त्याच्याही मागं ग्रीक लोकांचा एक शब्द आहे म्हणतात, 'मऊ करणारं' अशा अर्थाचा. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "ग्रीकांनी तरी कुणाकडनं उचलला, ते बघितलंत काय?"

त्याच भरात मी नववीच्या वर्गाला सांगितलं की हाच शब्द कन्नडमध्ये गेला आणि त्याचा 'मुलामू' झाला. आणि मराठीतला 'मुलामा' तो हा नव्हे. तो अरबीतल्या चकाकीच्या शब्दावरून आला, सोन्याचा मुलामा देतात तो. दोन्ही शब्द दिसायला सख्खे भाऊ, पण नातं काही नाही. पोरी जांभया देत होत्या. मग त्यांना जागं करायला मी तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण गोष्ट तुझीच.

तुला सगळं पाठ आहे, तरी लिहिते. तू गोकाकहून लग्न होऊन आलीस त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मराठी तुला 'जेवा', 'बसा' आणि 'पुरे' एवढंच येत होतं. शिरोळच्या अण्णाप्पा पाटलांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांच्या अकरा जोड पैंजणांची ऑर्डर आपल्याकडं होती. पैंजणांच्या फुलांवर तेवढा सोन्याचा मुलामा द्यायचा बाकी होता. अव्वा, तुझी नवी सासू, कुणाच्या तरी बारशाला निघाली होती. जाता जाता पैंजणांकडं हात करून, खुणा करत तुला म्हणाली, "ह्यांस्नी मुलामा द्यायचा हाय. सगळी पुसून, फडक्यात बांधून तयार ठेव." तू मान हलवलीस. आणि आप्पांच्या खरजेची, गंधकाच्या मलमाची पिवळी बरणी घेऊन बसलीस. दुपारभर एकेका घुंगराला बोटानं चोपडलंस, बाळाला तेल लावावं तसं. मग बावीसच्या बावीस पैंजणं फडक्यात नीट गुंडाळून ठेवलीस.

चांदीला गंधक लागला की काय होतं, हे हुपरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील काम कुठवर आलंय ते बघायला आले. अव्वानं कौतुकानं गाठोडं सोडलं. पैंजणं तव्यासारखी काळी पडली होती आणि खोलीभर फटाके उडवल्यासारखा वास सुटला. पाटलांनी एक पैंजण दोन बोटांत धरून उजेडात नेलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे म्हणाले, "काय वो, ह्यांस्नी खरूज झालती व्हय?"

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. आप्पा, दादा आणि अव्वा रिठ्याच्या आणि चिंचेच्या पाण्यात पैंजणं उकळत होते, ब्रशनं घासत होते. पाटील सोप्यात ठाण मांडून बसले. "पांढरी झालेली डोळ्यांनी बघितल्याबिगर हलणार न्हाय," म्हणाले. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, तेही कांदा-लसूण-बटाट्याशिवाय. अव्वाला काही सुचेना, तेव्हा तू डोळे पुसत उठलीस आणि होळग्या केल्यास, तुमच्याकडच्या पुरणपोळ्या. पाटलांनी सात खाल्ल्या. संध्याकाळी जाताना म्हणाले, "मुलामा चार दिवसांनी झाला तरी चालंल. सूनबाईंच्या हाताला चव हाय." आप्पांचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

तेव्हापासून तू 'मुलामू' झालीस. पाहुणे आले की आधी ही गोष्ट, मग चहा. तुझ्या अमरेशच्या बारशात तर शेजारच्या आक्कांनी ती पाळण्याच्या गाण्यात बसवली. तू दर वेळी हसलीस. वर्षभरात मराठी बोलायला शिकलीस, दोन वर्षांत वाचायला, आणि आता दादाच्या बिलातल्या चुका काढतेस. पण अव्वानं तुला पुन्हा चांदीला हात लावू दिला नाही. तुला आप्पांकडून डाग द्यायचं काम शिकायचं होतं, घुंगरू पैंजणाला कसं सांधतात ते. लग्नाआधी तू तुझ्या मामांच्या दुकानात ते हौसेनं बघत बसायचीस, हे तू मला सांगितलं होतंस. एकदा आप्पा शिकवायला तयारही झाले होते. अव्वा म्हणाली, "तिच्या हाताला चांदी सोसत न्हाय." तू पदर खोचून भाकरीला बसलीस. मी शेजारीच अभ्यास करत होते. त्या वेळीही मी हसले, वैनी.

तर परवा वर्ग पोट धरून हसत होता. एकटी सोनल हसली नाही. तिच्या घरी कन्नड बोलतात, याच वर्षी ती आमच्या शाळेत आलीय आणि मराठीत अडखळते. तिनं हात वर केला. "मॅडम, त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं काय? आम्ही तर आधी विचारतो." मी म्हटलं, पुस्तक उघडा, पान बेचाळीस.

विचारलं होतंस. मला विचारलं होतंस. अव्वा उंबऱ्याबाहेर पडली आणि तू माझ्यापाशी येऊन कानात म्हणालीस, "मुलामा अंद्रे एनु?" मला माहीत होतं मुलामा म्हणजे काय. मी म्हणाले, "तुमच्यातलं मुलामू की." बरणीही मीच दाखवली. सतरा वर्षांची होते. दादा सोमवारी कोल्हापूरहून माझ्यासाठी भडंगाचा पुडा आणायचा, तो तू आल्यापासून तुमच्या खोलीत जायला लागला होता. एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी आठवावं म्हणून दोन दिवस डोकं खाजवलं, पण नाहीच. त्या मलमात गंधक असतो हे तेव्हा खरंच डोक्यात आलं नव्हतं, चिकट होतील आणि अव्वा तुला रागावेल एवढंच वाटलं होतं. आणि अव्वानं सगळ्यांसमोर "कुणी सांगितलं तुला हे?" असं विचारलं, तेव्हा तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "कुणी नाही." तेवढं मराठी तुला त्या दिवशी नेमकं आलं. रविवारी पहिल्या एसटीनं मी हुपरीला येतेय. अव्वा, आप्पा, दादा, सगळ्यांसमोर मीच सांगणार आहे. तू मधे पडून मला वाचवू नकोस. आप्पांना एका डोळ्यानं अजून नीट दिसतं. सोमवारपासून त्यांनी तुला डाग द्यायला शिकवायला बसवावं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेणार आहे. त्यानंतर तू माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझीच,
रक्षिता